वाघोलीच्या पूर्वेचें माळरान

वैशाख लागला म्हणजे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत एकच प्रश्न निघतो : यंदां सुट्टींत जावयाचें कोठें ? कोणी महाबळेश्वराचें नांव घेतो, कोणी कोंकणांतील आंब्या-फणसांची आठवण काढतो, कोणाची दृष्टि थेट हिमालयाकडे वळते. या साऱ्या बेतांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जेथें पाणी, सावली आणि गारवा तेथें सौंदर्य. जेथें ऊन, दगड आणि वाळलेलें गवत तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. आजच्या भाषणाचा विषय ही दुसऱ्या प्रकारची भूमि आहे. श्रोत्यांनीं क्षणभर डोक्यावरचा पंखा विसरावा आणि भर मे महिन्यांत वाघोलीहून पूर्वेकडे मोटारीनें निघालेल्या दोन स्नेह्यांबरोबर मनानें प्रवास करावा. हे दोघे कल्पनेंतील आहेत. पण ते ज्या वाटेनें जातात ती वाट, तेथील अभयारण्यें, तेथील पशुपक्षी आणि तेथील प्रश्न हें सारें खरें आहे.

महाराष्ट्रांत खरें वाळवंट नाहीं. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस वाळवंटाचें धाकटें भावंड म्हणावें असा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो, सह्याद्रीच्या भिंतीवर चढतांना थंड होतो आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच उतरवून पुढें जवळजवळ रित्या हातांनीं निघतो. महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ईशान्येस कर्जत-करमाळ्याकडे जावें, तर तोच पाऊस पांचशें-सहाशें मिलिमीटरांवर येऊन ठेपतो, आणि तोही वेळेवर येईल अशी खात्री नसते. भूगोलाच्या पुस्तकांत या भागास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तेथील शेतकरी त्यास अवर्षणाचा मुलूख म्हणतो. आणि मोटारींतून जाणारा प्रवासी एका शब्दांत त्याचा निकाल लावतो : ओसाड. हा शेवटचा शब्द कितपत खरा आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दोघां स्नेह्यांपैकीं एक वाघोलीस राहणारा अभियंता. त्याचें मूळ गांव कर्जत तालुक्यांत. गांवाच्या वेशीबाहेर चाळीस एकरांचें गायरान आहे, आणि त्यावर झाडें लावण्याचा बेत गांवच्या तरुणांनीं केला आहे. पांच हजार रोपें, खड्डे, कुंपण आणि दोन वर्षांचें पाणी, इतका सारा खर्च या अभियंत्यानें वडिलांच्या स्मरणार्थ देऊं केला आहे. दुसरा त्याचा महाविद्यालयापासूनचा मित्र. चिपळुणाजवळ त्याची रोपवाटिका आहे. कोणतीं झाडें लावावीं हें जमीन पाहून सांगण्यासाठीं अभियंत्यानें त्यास बोलाविलें. सुट्टी आहेच, तेव्हां त्या बाजूचीं तीन अभयारण्येंही पाहून घेऊं, असा दोघांचा साधा हिशेब. झाडें लावावीं कीं नाहीं, हा प्रश्न निघतांना कोणाच्याच मनांत नव्हता.

वाघोली हें या प्रवासाचें दार आहे. पुणें-नगर रस्त्यावरचें हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें आणि आतां तें उंच इमारतींनीं वेढलेलें आहे. तरी वाघेश्वराचें देऊळ आणि पिलाजी जाधवराव यांची समाधि हीं येथें जुन्या काळाची साक्ष देत उभीं आहेत. पिलाजी हे शाहू छत्रपतींच्या आणि पहिल्या बाजीरावांच्या काळांतील मातबर सरदार. स्वारांच्या फौजेला दारूगोळ्याइतकीच वैरण लागते, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. भीमेच्या तीरावरचा हा मुलूख भीमथडी म्हणून ओळखला जाई, आणि येथील काटक तट्टें मराठी फौजेंत नांवाजलेलीं होतीं. सरकारी कुरणें राखलीं जात आणि त्यांतील गवतावर पागा पोसल्या जात. १७५८ सालीं मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले. त्या पराक्रमाच्या जमाखर्चांत दख्खनच्या माळावरील गवताचीही एक बाब धरली पाहिजे. ज्या जमिनीस आज ओसाड म्हणतात, तिच्यावर एके काळीं राज्याचें सामर्थ्य चरत होतें.

वाघोलीच्या भोंवतालीं दगडाच्या खाणी आहेत. दिवस फुटतां फुटतां दोघे मित्र एका बंद पडलेल्या खाणीच्या कांठावर उभे राहिले. खाणीची उभी कापलेली भिंत म्हणजे या भूमीचें उघडें पुस्तकच. वर वीतभर माती, तिच्याखालीं हातभर मुरूम, आणि मग खालपर्यंत काळा पाषाण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर बाहेर पडला आणि थिजला. तोच हा दगड.

"अरे, येथें मुळांनीं जायचें कोठें ?" रोपवाटिकेचा मालक म्हणाला. "आम्हीही कातळांत सुरुंग लावून आंब्याचे खड्डे करतों, पण आमच्याकडे वरून आभाळ फाटतें."

"म्हणून तर तुला आणलें," अभियंता हसून म्हणाला. "या दगडावर जगेल असें झाड सांग, म्हणजे झालें."

त्या खाणीच्या कांठावर झाड नव्हतें, पण गवत होतें. वीतभर मातींत ज्याचा संसार चालतो असें गवताखेरीज दुसरें काय आहे ? मोठ्या झाडास वर्षभर ओल लागते. गवत चार महिन्यांच्या ओलीवर आपलें सारें आयुष्य उरकून घेतें. त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या अगदीं लगत असतो. म्हणून वरचें पातें गाईनें खाल्लें, वणव्यानें जाळलें किंवा उन्हानें करपविलें, तरी पहिल्या वळवानंतर तें पुन्हां फुटतें. मे महिन्यांत मेलेलें दिसणारें गवत खरोखर मेलेलें नसतें. तें मुळांत बसलेलें असतें.

मोटार लोणीकंद मागें टाकून कोरेगांवास भीमेच्या पुलावर आली. पुढें शिक्रापूर, रांजणगांवचा महागणपति, दोहों बाजूंस कारखाने, आणि शिरूरजवळ घोड नदी. नदी ओलांडतांच अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर जिल्हा, सुरू होतो. श्रीगोंद्याकडे वळल्यावर गर्दी ओसरली आणि क्षितिज दूर सरकूं लागलें. कोठें उसाचा हिरवा तुकडा, कोठें नांगरून टाकलेलें काळें रान, आणि मध्येंमध्यें पिंवळट तपकिरी माळ. माळावर एखादा हिंवर, एखादी बोर, खुरटी बाभूळ, तरवडाचीं झुडपें. कोंकणांतून आलेल्या मित्रास प्रथम हें सारें एकसारखें वाटलें. डोंगर नाहीं, वळण नाहीं, पाण्याचा आवाज नाहीं. अशा प्रदेशांत सोबत असावी ती उतावळ्या माणसाची नसावी. कारण येथें दृश्य चालून पुढें येत नाहीं, तें शोधावें लागतें, आणि एकाला जें दिसत नाहीं तें दुसऱ्यानें बोट दाखवून सांगावें लागतें.

कर्जतजवळचें रेहेकुरी अभयारण्य १९८० सालीं काळविटांसाठीं राखण्यांत आलें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. दुपारीं तेथें गेलेल्या प्रवाशास बहुधा कांहींच दिसत नाहीं. परंतु ऊन कलतें तसा माळ हालूं लागतो. त्या दिवशींही साडेपांचच्या सुमारास समोरच्या वाळक्या गवतांतून प्रथम माद्या वर आल्या, गवताच्याच रंगाच्या आणि बिनशिंगांच्या. मग एक नर आला : पाठ काळीभोर, पोट पांढरेंशुभ्र, डोळ्यांभोंवतीं पांढरें कडें, आणि मळसूत्राप्रमाणें पीळ घेत वर गेलेलीं शिंगें. तो आपल्या हद्दींतील एका ठराविक जागीं थांबला. अशा जागीं लेंड्यांचा ढीग सांचलेला असतो, आणि डोळ्याजवळील ग्रंथींतून पाझरणारा वास गवताच्या काड्यांना लावून नर आपली सीमा आंखीत असतो. कागदावर सातबारा नसला तरी जमिनीची मालकी कशी सांगावी, हें त्यास चांगलें ठाऊक असतें.

"हीं जनावरें सावलींत कां बसत नाहींत ?" चिपळूणकरानें विचारलें. सोबतच्या वनरक्षकानें दिलेलें उत्तर साधें होतें : "साहेब, झाडीत लांडगा लपतो. ह्यांचं रक्षण म्हणजे ह्यांचे डोळे आन् पाय."

हें उत्तर नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. काळवीट ताशीं ऐंशीं किलोमीटरांच्या वेगानें धांवूं शकतो. परंतु त्या वेगाचा उपयोग मोकळ्या जागेंतच. दाट झाडींत त्याचे डोळेही निकामी आणि पायही निकामी. वाघास जशी झाडी तसा काळविटास मोकळेपणा. तेथें कांहीं उणें आहे म्हणून ती जागा मोकळी नाहीं. ती मोकळी आहे म्हणूनच तेथें काळवीट आहे.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच दोघे मूळ गांवच्या गायरानावर गेले. तरुणांनीं मोठ्या उत्साहानें तयारी केली होती. चाळीस एकरांवर दोरी धरून पांढऱ्या फक्कीनें खड्ड्यांच्या जागा आंखल्या होत्या. पावसाआधीं खड्डे उन्हांत तापावे, म्हणून खणणें मे महिन्यांतच उरकावयाचें, ही सर्वत्रची रीत. रोपवाटिकेचा मालक वांकून माती पाहूं लागला आणि एकदम थबकला. फक्कीच्या एका वर्तुळांत, उघड्या खड्यांवर, दोन अंडीं होतीं. काड्यांचें घरटें नव्हतें, आडोसा नव्हता. अंड्यांचा रंग भोंवतालच्या दगडांशीं इतका मिळालेला, कीं पाऊल पडल्यावरच कळावें. थोड्या अंतरावर तांबूस रंगाचा, डोळ्यांवरून पांढरी-काळी रेघ गेलेला एक पक्षी चार पावलें धांवे आणि थांबे, पुन्हां धांवे आणि थांबे. तो धाविक. उघड्या जमिनीवर, भर उन्हाळ्यांत अंडीं घालणाऱ्या पक्ष्यांपैकीं हा एक. डोंबारी चंडोल हा दुसरा. ज्या महिन्यांत माणूस झाडांसाठीं खड्डे घेतो, तोच महिना यांच्या वंशवृद्धीचा.

त्या सकाळीं गांवांतल्या चहाच्या वेळीं दोघे फार बोलले नाहींत. अभियंत्यानें फक्त इतकेंच विचारलें, "सगळ्याच वर्तुळांत असतील का रे ?" मित्र म्हणाला, "सगळ्यांत नसतील. पण पाहिल्याशिवाय आंखलीं कोणी ?"

येथें एका जुन्या समजुतीकडे वळणें अवश्य आहे. माळरान म्हणजे पूर्वींचें जंगल. माणसानें कुऱ्हाड चालविली, गुरें चारलीं आणि तें उजाड झालें. म्हणून झाडें लावणें म्हणजे जुनें पाप फेडणें, अशी ही समजूत आहे. कांहीं ठिकाणीं तसें घडलेंही असेल. परंतु साऱ्या दख्खनबद्दल ती लागू पडत नाहीं. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनीं जुन्या मराठी वाङ्मयांत आणि लोकगीतांत येणाऱ्या वनस्पतींचा मागोवा घेतला, तेराव्या शतकापासूनचा. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, कीं त्यांत उल्लेखिलेल्या रानवनस्पतींपैकीं बहुसंख्य मोकळ्या, काटेरी माळावरच्याच आहेत. म्हणजे संतांच्या आणि धनगरांच्या पूर्वजांनीं पाहिलेला हा मुलूख आजच्यासारखाच होता. तो उजाड झालेला नाहीं. तो असाच आहे.

परंतु सरकारी दप्तराची भाषा निराळी. जमीनमहसुलाच्या दृष्टीनें जी जमीन पीक देत नाहीं आणि लांकूडही देत नाहीं ती निरुपयोगी. ब्रिटिश अमदानींत रूढ झालेली ही दृष्टि स्वातंत्र्यानंतरही टिकली. २००० सालीं केंद्रसरकारनें देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां झुडपी आणि गवताळ भूमीचा मोठा भाग त्यांत पडीक म्हणूनच गणला गेला. नांव पडीक पडलें, कीं ती जमीन सुधारण्याची इच्छा कोणासही होते. एक जण तेथें झाडें लावतो, दुसरा समतल चर खणतो, तिसरा कारखाना काढतो, चौथा सौरविजेचे पट्टे मांडतो. प्रत्येकाचा हेतु चांगला. पण ज्या जमिनीवर हे सारे उपकार होतात, तिला पूर्वींच कोणी राहत आहे कीं काय, हें पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नाहीं.

या दुर्लक्षाचा परिणाम कोठवर जातो हें पाहावयाचें असेल तर सोलापूरजवळच्या नान्नजला जावें. करमाळा, बार्शी करीत दोघे दुसऱ्या दिवशीं दुपारनंतर तेथें पोंचले. मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो. वारा भट्टींतून आल्यासारखा लागतो. १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं येथें अभयारण्य जाहीर झालें. माळढोक म्हणजे उभा राहिला असतां मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोंच्या घरांत जाणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत अतिशय जड असा पक्षी. मादी बहुधा वर्षाला एकच अंडें घालते, आणि तेंही उघड्या जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली तेव्हां डॉ. सालिम अली यांनीं याचेंच नांव सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. आज साऱ्या भारतांत रानांत उरलेले माळढोक दीडशेंच्या आंत आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत, जैसलमेरच्या बाजूस. नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

हा पक्षी गेला कशानें ? शिकारीनें गेला, मोकाट कुत्र्यांनीं अंडीं-पिलें खाल्लीं, माळ फोडून ऊस आणि द्राक्षें आलीं, विजेच्या तारा आल्या. माळढोकास समोरचें कमी दिसतें आणि अंगाच्या भारामुळें ऐन वेळीं वळतां येत नाहीं. तो तारांवर आपटतो. त्याच्यासाठीं तारा जमिनीखालून न्याव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं दिला. २०२४ सालीं तो बदलून तज्ज्ञांच्या समितीकडे प्रश्न सोंपविला, कारण सौरवीज ही देखील देशाची गरजच. या सर्व कारणांत एक कारण मात्र चमत्कारिक आहे. माळ हिरवा करावा या सद्भावनेनें ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांसारखीं झाडें गवताळ राखीव क्षेत्रांतही लावण्यांत आलीं. झाड वाढलें, गवत हटलें, आणि कावळ्यास उंचावर बसून अंडीं हेरावयास जागा झाली. ज्यानें मारावयाचें म्हणून मारलें त्याचा राग येतो. परंतु ज्यानें भलें करावयाचें म्हणून घर मोडलें, त्यास काय म्हणावें?

येथें शेतकऱ्याची बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. १९७९ चें अभयारण्य कागदावर सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचें होतें. त्यांत शेतें आलीं, गांवें आलीं, तालुक्याचीं ठिकाणेंसुद्धां आलीं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें पडलीं, आणि ज्या पक्ष्यास गांवकऱ्यांनीं कधीं त्रास दिला नाहीं त्याचें नांव काढतांच लोकांच्या कपाळास आंठी पडूं लागली. २०१२ च्या सुमारास हें क्षेत्र सव्वाबाराशें चौरस किलोमीटरांच्या आसपास आणण्यांत आलें. तसेंच, भीमेवरील उजनी धरणानें या दुष्काळी मुलखांत पाणी आणलें, तें पाप म्हणतां येणार नाहीं. हंडाभर पाण्यासाठीं मैल मैल चाललेल्या घरास कालव्याचें मोल शहरांतल्या माणसानें शिकवूं नये. प्रश्न ऊस विरुद्ध माळढोक असा नाहीं. जें माळरान अद्याप कोणाच्याच नांगराखालीं गेलेलें नाहीं, तें उगाच सुधारण्याच्या भरांत घालवूं नये, इतकाच आहे.

दूरच्या देशांतही असा प्रसंग येऊन गेला आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत मोहावी नांवाचें वाळवंट आहे. मोटारी आल्या तसे शहरांतील लोक तेथें जाऊन निवडुंग उपटून आणूं लागले. ओसाडांतून चार झाडें आणलीं तर कोणाचें काय जातें, अशी त्यांची वृत्ति. मिनर्व्हा हॉइट नांवाच्या एका गृहिणीनें याविरुद्ध मोहीम उघडली. तिनें १९२८-२९ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन आणि लंडन येथें वाळवंटांतील वनस्पतींचीं प्रदर्शनें मांडलीं. १९३० सालीं वाळवंटांच्या रक्षणासाठीं संस्था काढली. १९३६ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तेथील मोठा भाग राखीव केला. तेंच आजचें जॉशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान. आज उन्हाळ्याच्या सुट्टींत मित्रमित्र मोटारी घेऊन त्या वाळवंटी उद्यानांतून हिंडतात. त्या बाईनें वाळवंटांत नवीन कांहींही लावलें नाहीं. तेथें जें होतें तेंच पाहावयास तिनें लोकांस शिकविलें.

तिसऱ्या दिवशीं परतीच्या वाटेवर दोघे इंदापूर, भिगवण करून बारामती तालुक्यांतील सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यांत आले. मोरगांवचा गणपति जवळच. त्याच्यावरूनच हें नांव. १९९७ सालीं राखलेलें हें पांच चौरस किलोमीटरांचें रान चिंकाऱ्यांचें घर आहे. चिंकारा काळविटाहून लहान, एकटा-दुकटा हिंडणारा, अतिशय भित्रा. पाण्यावांचून तो दीर्घकाळ राहूं शकतो. पाल्यांतला आणि दंवांतला ओलावा त्यास पुरतो.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीनंतर कोंकणांत उतरून पावसाच्या तोंडीं देशावर परतणारीं हीं कुटुंबें. मेंढरांभोंवतीं जाळ्याची वाघूर लावलेली, घोड्यावरून उतरलेला संसार एका बाभळीखालीं मांडलेला. चिपळूणकरास त्यांच्या बोलण्यांत आपल्या गांवाजवळच्या खळ्यांचीं नांवें ऐकूं येऊन नवल वाटलें. लांडग्याचा विषय निघाला तेव्हां म्हातारा धनगर म्हणाला, "नेतो कधी एखादं कोकरू. भरपाईसाठी हेलपाटे कोण घालणार ? पण लांडगा गेला तर गेला. माळ गेला तर मंग आम्ही कुठं जायचं?" मग हातानें एका कुंपणाकडे दाखवून म्हणाला, "तिथं पयलं मेंढरं चरायची. झाडं लावली, तार घातली. झाडं वाळली. तार हाय अजून."

त्या रात्रीं वाघोलीस परततांना मोटारींत मोठा वाद झाला, जो दोन जुन्या मित्रांतच होऊं शकतो. अभियंता म्हणाला, "वडिलांच्या नांवानें कांहीं करायचें म्हणतों आहें मी. गवत राखलें असें सांगितलें तर लोक हसतील. पाटी लावायची ती कोठें ?" मित्र म्हणाला, "तूं मला झाडें विचारायला बोलाविलेंस. पांच हजार रोपें विकलीं गेलीं तर फायदा माझाच आहे. तरी सांगतों, त्या माळावर नको लावूंस." अभियंता बराच वेळ बोलला नाहीं. भीमेचा पूल आल्यावर त्यानें विचारलें, "आणि रिकामें दिसलें म्हणून उद्यां दुसऱ्याच कोणी तें गायरान मागितलें तर ?" या प्रश्नास मित्राजवळ उत्तर नव्हतें.

शेवटीं जें ठरलें तें असें. शाळेभोंवतीं, ओढ्याच्या कांठीं आणि गांवच्या रस्त्याच्या दुतर्फा, जेथें माती खोल आहे आणि सावली माणसांस हवी आहे, तेथें सहाशें झाडें लावावीं : चिंच, कडुनिंब, वड, करंज. गायरानावरचे खड्डे रद्द. त्याऐवजीं गायरानाचे चार भाग करून आळीपाळीनें एकेका भागास चराईची विश्रांति द्यावी, म्हणजे पवन्या आणि मारवेल यांसारखीं चांगलीं गवतें बीं धरतील. उरलेल्या पैशांतून राखणदाराचा पगार. गांवांत हें सर्वांस पटलें नाहीं. तरुणांचा हिरमोड झाला. पाहुणे ठरले होते, फलक रंगविले होते. अभियंत्यानें पैसे वांचविले, असेंही कोणी बोलून गेलें. आणि पुढें-मागें त्या मोकळ्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची नजर पडणारच नाहीं, असें आश्वासन कोणीही देऊं शकलें नाहीं. पेरलेलें बी उगवल्याचें दाखवितां येतें; न मोडलेलें घर कोणास कसें दाखवावें ?

श्रोत्यांपैकीं कोणास ही वाट स्वतः चालावीशी वाटली तर दोन-चार गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या. उन्हाळ्यांत पहांट आणि सांज एवढेच माळाचे दोन प्रहर. दुपार सावलींत काढावी. पाणी भरपूर बरोबर घ्यावें. मोटार ठरलेल्या रस्त्याखालीं उतरवूं नये. चाकाखालीं काय आहे तें दिसत नाहीं. अलीकडे पुणें वनविभागानें इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यांतील शिर्सुफळ येथें गवताळ प्रदेश दाखविण्याची सोय केली आहे. वाटाडे तेथील गांवांतलेच असतात, आणि माळ राखण्यांत गांवाचाही लाभ असावा हा त्यामागील हेतु आहे. दुर्बीण असावी, नसली तर लांबचें पाहणारा एक मित्र असावा.

पाऊस सुरू झाल्यानंतर पंधरा दिवसांनीं हाच माळ इतका हिरवा होतो, कीं ओसाड म्हणणाऱ्यास आपलाच शब्द आठवत नाहीं. परंतु त्या हिरवळीवरून त्याची किंमत ठरवूं नये. तो मे महिन्यांतही जिवंतच असतो. त्या महिन्यांत त्याचें जिणें जमिनीलगत, दगडाच्या रंगाच्या अंड्यांत आणि गवताच्या मुळांत चाललेलें असतें. नगर रस्त्यानें जातांना उजव्या-डाव्या हातास जी मोकळी जमीन दिसते, तिच्याविषयीं बोलतांना यापुढें ओसाड हा शब्द जरा जपून वापरला गेला, तरी या दोन स्नेह्यांची तीन दिवसांची पायपीट वायां गेली नाहीं असें म्हणतां येईल.